पावसाचे काव्य आणि पुराचे गद्य

मराठी वाङ्मयात पाऊस विपुल आहे आणि पूर दुर्मिळ आहे. हे विधान प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. कारण पाऊस आणि पूर ही एकाच पाण्याची दोन रूपे असल्यामुळे, जेथे एकाचे वर्णन झाले तेथे दुसऱ्याचेही ओघानेच झाले असले पाहिजे, अशी आपली सहज समजूत असते. परंतु कवितांचे कोणतेही प्रातिनिधिक संग्रह चाळून पाहावेत. आषाढातील मेघ, श्रावणातील ऊनपाऊस, मृगाचा पहिला शिडकावा, ओल्या मातीचा वास, विरहिणीचे झुरणे आणि शेतकऱ्याचे आभाळाकडे लागलेले डोळे यांची गणती करता करता वाचक थकून जाईल. उलट, नदी पात्र सोडून गावात शिरते, भिंतीवर चिखलाची रेघ ठेवून माघारी जाते, आणि त्या रेघेखाली माणसांस पुन्हा संसार मांडावा लागतो, हा अनुभव ज्यांच्या केंद्रस्थानी आहे अशा कृती आमच्या वाचनात तरी फार थोड्या आल्या आहेत. ज्या आल्या, त्यांतही पूर बहुधा दुसऱ्याच कशाची तरी उपमा होऊन आलेला असतो.

ही उणीव केवळ विषयांच्या यादीतील एखादी रिकामी जागा असती, तर तिच्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. सर्वच विषयांवर सर्वच भाषांत लिहिले गेले पाहिजे असा काही नियम नाही. परंतु संकटाकडे कोणत्या दृष्टीने पाहावयाचे हे समाज पुष्कळ अंशी आपल्या वाङ्मयापासून शिकत असतो. आणि पुराच्या बाबतीत आमच्या वाङ्मयाने जी दृष्टी दिली आहे ती सदोष आहे, असे आमचे मत आहे. पूर हा आमच्याकडे अपघात म्हणून येतो. परिणाम म्हणून येत नाही. हा दोष कलेचा आहे आणि व्यवहाराचाही आहे. तो कसा, हे पुढील विवेचनात दाखविण्याचा विचार आहे.

प्रथम परंपरेकडे पाहू. आमच्या काव्यातील पावसाचे कुलदैवत कालिदास होय. त्याचा मेघ रामगिरीवरून निघतो, विदिशा व उज्जयिनी यांवरून जातो आणि हिमालयातील अलकेस पोहोचतो. रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, हे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले आहे. म्हणजे हा सारा प्रवास अंतर्देशाचा आहे. समुद्रकिनाऱ्याची त्यास ओळख नाही. मराठी संतांनी कृपेस मेघाची उपमा दिली, ती ज्या मुलुखात दिली तोही पावसाची वाट पाहणारा मुलूख होता. पुढे ज्या बालकवींनी श्रावणास मराठी मनात कायमचे घर करून दिले, ते खानदेशातील धरणगावचे. या सर्वांच्या अनुभवात पाऊस ही येण्याची वस्तू आहे. तो आला की आनंद, न आला की आकांत. अवर्षणाच्या प्रदेशात हे स्वाभाविकच होय, आणि त्या काव्याच्या सौंदर्यास आमचा यत्किंचितही विरोध नाही.

परंतु देशावरचा पाऊस आणि कोकणचा पाऊस यांस एकच शब्द असला, तरी त्या दोन निराळ्या वस्तू आहेत. पुण्यास सबंध वर्षात सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईस २,२०० च्या वर आणि रत्नागिरीस ३,००० च्या वर पडतो. २६ जुलै २००५ या एका दिवसाच्या नोंदीत सांताक्रूझ येथील वेधशाळेने ९४४ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ३७ इंच पाऊस दाखविला. पुण्यावर सबंध वर्षात पडणाऱ्या पाण्याहून अधिक पाणी मुंबईच्या एका भागावर चोवीस तासांत पडले. आणि त्याच दिवशी त्याच शहराच्या दक्षिण टोकास, कुलाब्यास, अवघ्या ७३ मिलिमीटरांची नोंद झाली. ज्या प्रदेशाच्या पावसात एवढी विषमता आहे, त्या प्रदेशाने उज्जयिनीच्या मेघाकडून आपली प्रतिमासृष्टी उसनी घ्यावी आणि तीवरच भागवावे, ही गोष्ट टीकाकारास खटकल्याविना राहणार नाही.

येथे कोकणच्या भूरचनेचा थोडा विचार करणे अवश्य आहे. कारण पुराचे कथानक भूगोलातच दडलेले असते. सह्याद्रीचा कडा किनाऱ्यापासून बहुतेक ठिकाणी पन्नास-साठ किलोमीटरांच्या आत उभा आहे. अरबी समुद्रावरून येणारा बाष्पयुक्त वारा त्यावर आदळून वर चढतो, थंड होतो आणि पाणी टाकतो. हे पाणी देशावर उतरले तर त्यास बंगालच्या उपसागरापर्यंत शेकडो कोसांची वाट असते. कोकणात उतरले तर काही तासांचीच असते. महाबळेश्वरास उगम पावणारी सावित्री महाडवरून बाणकोटच्या खाडीस जाते. वाशिष्ठी चिपळूणवरून दाभोळच्या खाडीस जाते. खाली समुद्राचे निराळेच वेळापत्रक चालू असते. दिवसातून दोन वेळा भरती चढते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास तिला उधाण येते. वरून लोंढा उतरत असता खालून भरती चढत असली, म्हणजे नदीस जाण्यास वाट उरत नाही आणि ती गावात थांबते. महाड व चिपळूण ही दोन्ही गावे अशा जागी वसली आहेत, की डोंगराचा निरोप आणि समुद्राचा निरोप तेथे एकाच वेळी पोहोचू शकतो. पूर्वी गोवळकोटच्या धक्क्यास गलबते लागत. ज्या भरतीने ती आत येत, तीच भरती पुराचे पाणी अडविते.

२२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात जे घडले त्यात ही सर्व पात्रे होती. त्या दिवसाअखेरच्या चोवीस तासांत महाबळेश्वरास ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. सबंध घाटमाथा भिजत होता. पौर्णिमा दोन दिवसांवर होती. यांशिवाय एक पात्र माणसाने निर्माण केलेले होते. पूर्वेस वाहणाऱ्या कोयनेचे पाणी वीजनिर्मितीसाठी डोंगरातून पश्चिमेस आणले जाते आणि कोळकेवाडीच्या जलाशयातून ते अखेर वाशिष्ठीत येते. त्या दिवशीच्या पुरात या पाण्याचा वाटा किती, यावर पुढे वाद झाला. नदीच्या पात्रात साचलेला गाळ काढावा म्हणून नागरिकांस त्याच वर्षाअखेर उपोषणास बसावे लागले. पूररेषांचा प्रश्नही निघाला. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा, अशा दोन रेषा नकाशावर आखल्या जातात. आणि जे गाव शतकानुशतके तेथेच आहे, त्याने त्या रेषांच्या आत बांधावयाचे किंवा नाही, हा साधा प्रश्न नव्हे. हक्क, उपजीविका, स्मरण, विस्मरण आणि सत्ता या सर्वांचा संघर्ष तीत आहे. कादंबरीकारास याहून समृद्ध सामग्री कोणती हवी?

असे असता आम्ही या सामग्रीचे काय करतो? पुरासंबंधी जे लेखन होते, त्यात तीन सवयी वारंवार आढळतात. त्यांचा एकेक करून परामर्श घेऊ.

पहिली सवय कोपाची. 'वरुणराजाचा कोप', 'निसर्गाचे तांडव', 'काळाचा घाला' हे शब्दप्रयोग वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत जितके आढळतात, तितकेच कथा-कवितांतही आढळतात. अलंकारशास्त्राच्या भाषेत ही चेतनगुणोक्ती होय. आणि अलंकार म्हणून तीत वावगे काहीच नाही. परंतु प्रत्येक अलंकार काही दाखवितो आणि काही झाकतो. कोप म्हटला की कोपणारा आला. त्याचे कारण त्याचे त्यास ठाऊक. त्यास कोणी जाब विचारू शकत नाही. आणि कोप शांत झाला की प्रकरण मिटले. म्हणजे या एका शब्दाने पुराचा आरंभ गूढ होतो आणि शेवट आपोआप होतो. मधली माणसांची सारी करणी, मग ती नाल्यावरचा भराव असो, खाजणात उभी राहिलेली वस्ती असो किंवा तोडलेले कांदळवन असो, आभाळाच्या खात्यावर जमा होते. मुंबईतील पर्जन्यजलाची जुनी गटारे तासाला अवघ्या २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती, हा मजकूर कोपाच्या भाषेत मावत नाही. म्हणून तो लिहिलाच जात नाही.

दुसरी सवय ढगफुटीची. हा शब्द आता इतका रूढ झाला आहे, की कोठेही मोठा पाऊस झाला की तो वापरला जातो. वेधशाळेच्या व्याख्येप्रमाणे वीस-तीस चौरस किलोमीटरांच्या लहान टापूत एका तासात १०० मिलिमीटर वा अधिक पाऊस पडला, तरच त्यास ढगफुटी म्हणावयाचे. महाबळेश्वरचे ५९४ मिलिमीटर भयंकर खरे. परंतु चोवीस तासांवर विभागले असता ते सरासरीने तासाला २५ सुद्धा भरत नाहीत. असा पाऊस एकाएकी फुटत नाही. तो विस्तीर्ण प्रदेशावर तासन् तास पडत राहतो. वाचकांनी येथे शब्दच्छल समजू नये. 'फुटणे' या क्रियापदात एक चित्र आहे. ढग ही जणू पखाल आहे, ती क्षणात फाटली आणि खाली असणाऱ्यांस काही करण्यास अवधीच मिळाला नाही, असे ते चित्र आहे. वस्तुतः ढग पखालीसारखा नसून रहाटासारखा आहे. समुद्रावरचा वारा जोवर वाहतो तोवर रहाट पाणी उपसत राहतो आणि डोंगरावर ओतत राहतो. पखालीच्या चित्रात अवधी नाही, रहाटाच्या चित्रात आहे; आणि त्या अवधीत कोणी काय केले, हा प्रश्नही आहे. उपमा चुकली की विचार चुकतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

तिसरी सवय धीराची, आणि तिच्याविषयी लिहिताना लेखणी जपून चालविली पाहिजे. कारण या सवयीमागे एक उत्तम कविता उभी आहे. कुसुमाग्रजांची 'कणा' महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही? पुराने घर नेलेला जुना विद्यार्थी आपल्या शिक्षकाकडे येतो. नदीच्या येण्याचे वर्णन तो माहेरी आलेल्या लेकीच्या रूपकाने, जवळजवळ कौतुकाने करतो. आणि पैसा नाकारून केवळ पाठीवर हात मागतो. या कवितेतील संयम, विनोदाच्या आडून आलेले दुःख आणि शेवटचा स्वाभिमान ही अस्सल काव्याची लक्षणे आहेत. परंतु एका माणसाचा स्वाभिमान व्यक्त करणारी ही कविता आम्ही सर्व पूरग्रस्तांकडून अपेक्षावयाच्या वर्तनाचा नमुना करून ठेविली. पूर आला की व्यासपीठावरून तिचे पठन होते. जो मागत नाही तो थोर, हे तिचे तात्पर्य काढले जाते; आणि मग जो मागतो, नुकसानभरपाई मागतो, गाळ काढा म्हणतो, धरणाचे दरवाजे केव्हा उघडले ते सांगा म्हणतो, त्याचा कणा कोठेतरी कमी पडला असे वाटू लागते. हा कवितेचा दोष नव्हे. तिच्या उपयोगाचा दोष आहे. परंतु जेथे पुराची दुसरी महत्त्वाची कविता लोकांच्या तोंडी नाही, तेथे एकाच कवितेवर असा भार पडणे अपरिहार्य असते. तीत विद्यार्थी पाठीवर हात मागतो. पाणी का आले, हे विचारणारी कविता अजून यावयाची आहे.

कोप, स्फोट आणि धीर या तिन्ही सवयींचा समान धर्म हा, की त्या पुरास कारणावाचून उभा करतात. आता ॲरिस्टॉटलने शोकांतिकेविषयी जो मूलभूत दंडक घालून दिला, तो या संदर्भात आठवावा. घटना एकीमागून एक येणे निराळे आणि एकीमुळे दुसरी येणे निराळे. करुणा व भीती यांचा खरा परिपाक दुसऱ्या प्रकारातच होतो, असे त्याचे म्हणणे आहे. केवळ अपघाताने झालेला नाश दुःखद असतो; शोकात्म नसतो. आमचे पूरविषयक लेखन बहुतेक दुःखदच राहते, ते याच कारणामुळे.

या दंडकाची कसोटी लावण्यास इंग्रजी कादंबरीतील एक प्रसिद्ध उदाहरण उपयोगी पडेल. जॉर्ज एलियटच्या 'द मिल ऑन द फ्लॉस' (१८६०) या कादंबरीचा शेवट पुराने होतो. भाऊ-बहीण त्यात बुडून मरतात. हेन्री जेम्ससारख्या मर्मज्ञाने असा आक्षेप घेतला, की या शेवटासाठी वाचकाची तयारीच झालेली नाही. आम्हांस हा आक्षेप पूर्णतः मान्य नाही. कादंबरीच्या पहिल्याच परिच्छेदात समुद्राकडे धावणारी नदी आणि तिला भेटण्यास वर चढणारी भरती दाखविली आहे. मध्यंतरी त्या गावाच्या जुन्या पुरांच्या आख्यायिका आहेत. शेवटच्या पावसात म्हातारी माणसे मागील पिढीतल्या पुराची आठवण काढून माना हालवितात आणि तरुण पिढी ती हसण्यावारी नेते. हे सर्व लिहिण्यापूर्वी लेखिकेने जुन्या पुरांचे वृत्तांत वाचले होते, आणि भरतीचे पाणी जीत वर चढते त्या ट्रेंट नदीकाठी जाऊन प्रत्यक्ष पाहणीही केली होती. नायिकेच्या नैतिक पेचास पुराने सोयीस्कर उत्तर दिले, हा आक्षेप राहतोच. परंतु पूर कोठून आला, हा प्रश्न त्या कादंबरीच्या वाचकास पडत नाही. गावाचे विस्मरण हेच तेथे पुराचे एक कारण म्हणून रंगविले आहे. सेंट ऑग्जच्या जागी महाड किंवा चिपळूण घालून पाहावे, म्हणजे त्या पद्धतीचे महत्त्व आम्हांस कळेल.

कारण विस्मरण आमच्याकडेही आहे, आणि ते साहित्याच्या घरापर्यंत पोहोचले आहे. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ साली स्थापन झालेले, महाराष्ट्रातील जुन्या ग्रंथालयांपैकी एक. २००५ च्या पुरात त्यात पाणी शिरून ग्रंथांचा नाश झाला. त्याच संस्थेच्या यजमानपदाखाली जानेवारी २०१३ मध्ये त्याच गावी शहाऐंशीवे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. आणि जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा त्याच ग्रंथालयात शिरले. दोन पुरांच्या बरोबर मध्यावर मराठी सारस्वत त्या नदीच्या काठी जमले होते! यात कोणाचा उपहास करण्याचा हेतू नाही. परंतु महाड तालुक्यात २००५ साली जुई, दासगाव येथे दरडी कोसळून माणसे गेली आणि सोळा वर्षांनी त्याच तालुक्यात तळिये येथे ८० हून अधिक माणसे तशीच गेली, हे मनात आणले असता, पुन्हा घडणाऱ्या गोष्टीस अपघात म्हणत राहणे हा बुद्धीचा आळस होय असे म्हणावे लागते. मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढले, असे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांचे सहकारी यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले आहे. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धारण करू शकते, हा पदार्थविज्ञानाचा नियमच आहे. तेव्हा यापुढे विस्मरण अधिकच महाग पडणार.

हे सर्व लिहावयाचे तर त्यास भाषा कोठून आणावी, अशी शंका कोणी काढील. उत्तर असे, की ती कोकणच्या बोलीत तयारच आहे. तेथे पाण्याच्या वाटेस ओहोळ, पऱ्या, वहाळ, कोंड अशी निरनिराळी नावे आहेत. समुद्राच्या पाण्यास भरती आणि सुकती, उधाण आणि भांग आहेत. खाडीकाठच्या जमिनीस खाजण आणि खार आहेत. खेडजवळून वाहणाऱ्या नदीस तर लोकांनी 'जगबुडी' असेच नाव ठेविले. ज्यांनी हे नाव ठेविले, त्यांनी पुराचे समग्र महाकाव्य एका शब्दात लिहून ठेविले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' (१९८७) या बृहत्कादंबरीत हीच नदी चार पिढ्यांच्या संसाराशेजारून वाहते. प्रदेश हा केवळ पार्श्वभूमी नसून पात्र होऊ शकतो, हे त्यांनी सिद्ध करून दाखविले आहे. नक्षत्रांच्या पावसासही लोकांनी नावे दिली: पुनर्वसूचा तो तरणा, पुष्याचा तो म्हातारा. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ हे दोन्ही दिवस पुष्य नक्षत्रातले. ज्यास लोकभाषेने म्हातारा म्हटले, त्याने हे केले! एवढ्या एका विरोधात एखाद्या प्रतिभावंतास कथेचे बीज सापडावे.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. वाङ्मय म्हणजे चौकशी समितीचा अहवाल नव्हे. गटारांची मापे आणि धरणांचे विसर्ग यांची नोंद करणे हे कवीचे काम नव्हे, असे म्हटले जाईल. हे तत्त्व आम्हांसही मान्य आहे. २००५ च्या जलप्रलयानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि तिने आपले काम केले. तिच्या अहवालाचे पद्यात रूपांतर व्हावे अशी आमची मागणी नाही. परंतु अहवाल सांगू शकत नाही असे पुष्कळ काही असते. भरतीची वेळ ठाऊक असूनही माणूस दुकानातील माल वर चढविण्यास का चालढकल करतो. लाल रंगाचा इशारा तिसऱ्यांदा फोल ठरल्यावर चौथ्यांदा त्यावर विश्वास का बसत नाही. पूररेषेच्या आतले वडिलार्जित घर सोडण्यापेक्षा त्यात बुडणे एखाद्या म्हातारीस का बरे वाटते. सूचना वरून निघून वाडीपर्यंत पोहोचेतो तिचे काय होते, हे अहवालाच्या कक्षेबाहेरचे आणि कादंबरीच्या थेट हृदयातले प्रश्न आहेत. मनूच्या जुन्या कथेतही प्रलयाआधी मत्स्याची सूचना आहे, आणि ती मानून मनूने नाव बांधली, हेच तिचे कथानक आहे. प्रलयाचे आपले आद्य आख्यान कोपाचे नसून सूचनेचे आहे, ही गोष्ट आम्ही विसरलो.

सारांश, पावसाच्या कवितेस कोणी सोडचिठ्ठी द्यावी असे नाही. श्रावण येत राहील आणि त्याचे कौतुकही होत राहील. परंतु कोकणच्या लेखकांनी आपला पाऊस आपल्या डोळ्यांनी पाहावा. पुरास उपमा म्हणून न वापरता वस्तू म्हणून न्याहाळावे. कोप, स्फोट आणि धीर या तीन तयार साच्यांपैकी एकही हाती न घेता, डोंगरमाथ्यावर पडलेला थेंब गावातल्या भिंतीपर्यंत कसा आला आणि वाटेत त्यास कोणकोणाचे हात लागले, याची कथा सांगावी. अशी एक जरी कादंबरी मराठीत निर्माण झाली, तरी पुढचा पूर तिच्याने थांबणार नाही हे खरे. पण त्यानंतर लिहिणारास व बोलणारास 'हे कसे झाले कोणास ठाऊक' असे म्हणण्याची सोय राहणार नाही.